पडून असलेले परवाने कसे ओळखावेत?

प्रश्न : कार्यालयात सगळ्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५चे परवाने दिले आहेत. त्यांतले खरोखर वापरात किती, हे कसे कळेल?

उत्तर : हा परवाना माणसागणिक असतो, तो माणूस फिरकला नाही तरी पैसे लागतातच. अ‍ॅडमिन सेंटरमधील वापराच्या अहवालात ७, ३०, ९० आणि १८० दिवसांचा तपशील मिळतो. नावे मुळातच झाकलेली असतात. ग्लोबल अ‍ॅडमिनला ती सेटिंगमधून उघडता येतात.

निव्वळ शेवटच्या लॉगिनवर विसंबणे मात्र फसवे. मोबाइलमधले आउटलुक आपसूक मेल ओढत राहते, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणी न उघडलेले खातेही जागते वाटू शकते. मेल पाठवली का, फाइलवर काम झाले का, हे पाहावे. बाळंतपणाच्या रजेवरील कर्मचारी आणि मार्चअखेरीसच एक्सेल उघडणारे लेखापरीक्षक न वापरलेल्या खात्यांच्या यादीत हमखास सापडतात. विभागप्रमुखाला विचारल्याशिवाय कोणाचाही परवाना काढू नये.

परवाना काढल्यावर मेलबॉक्स ३० दिवस शाबूत राहतो, मग पुसला जातो. जुन्या मेल हव्या असतील तर आधीच तो शेअर्ड मेलबॉक्स करावा. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही. वार्षिक करारात बिल लगेच उतरत नाही, संख्या नूतनीकरणाच्या वेळीच घटवता येते. तोवर रिकामा परवाना नव्याने रुजू झालेल्याला द्यावा.