स्वर तेच, राग निराळे

संगीताच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “गुरुजी, भूपाचे स्वर पांच आणि देशकाराचेहि तेच पांच, मग राग दोन कशाला?” प्रश्न साधा होता, परंतु आम्हांस तत्काळ समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. “पुस्तकांत तसें दिलें आहे,” इतकें बोलून आम्हीं वेळ मारून नेली, व त्याची रुखरुख मनास लागून राहिली. प्रस्तुत लेखानें आम्ही तें देणें फेडूं पाहत आहों.

प्रथम भूपाची घडण पाहूं. सप्तकांतील मध्यम व निषाद हे दोन स्वर वर्ज्य केले म्हणजे सा, रे, ग, प, ध असे पांच शुद्ध स्वर उरतात. आरोहांत पांच व अवरोहांतहि पांच, म्हणून हा औडव जातीचा राग. बाजाच्या पेटीवर याची प्रचीति सहज घेतां येते. तीन काळ्या पट्ट्यांच्या गटांतील पहिली पट्टी षड्ज मानावी, व पांढऱ्या पट्ट्यांस मुळींच स्पर्श न करितां ओळीनें काळ्या पट्ट्याच वाजवीत जावें. भूपाचा आरोह आपोआप उमटतो.

परंतु आरोह-अवरोह म्हणजे राग नव्हे. ती केवळ अक्षरओळख झाली. भूपाचा वादी स्वर गंधार व संवादी धैवत. गायक सप्तकाच्या पूर्वांगांत रमतो, मंद्र धैवतापर्यंत उतरतो, आणि पुन्हा गंधारावर येऊन विसावतो. चाल संथ, वृत्ति गंभीर, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. आपल्याकडे पहाटेच्या भक्तिगीतांस ‘भूपाळी’ म्हणतात. त्या नांवावरून मात्र भूप हा सकाळचा राग समजूं नये.

देशकारांत हें सर्व पालटतें. तेथें वादी धैवत व संवादी गंधार. गायक प, ध, सां या उत्तरांगांत वावरतो, रिषभास थोडकेंच महत्त्व देतो, आणि तार षड्जावरून येऊन धैवतावर थांबतो. राग उजळ व उत्साही होतो. त्याची वेळ सकाळची.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं रागांची वर्गवारी दहा थाटांत केली. तींत भूप कल्याण थाटांत व देशकार बिलावल थाटांत आहे. मौज अशी कीं, या दोन थाटांत भेद आहे तो केवळ मध्यमाचा. एकांत तीव्र, दुसऱ्यांत शुद्ध. आणि मध्यम तर या दोन्ही रागांत नाहींच! अर्थात् नुसते स्वर मोजून हा निवाडा होणें शक्य नाहीं. रागाचें चलन ऐकावें लागतें.

पुढील तासाला आम्हीं त्याच विद्यार्थ्यास उभें केलें. प्रथम ‘ग रे सा ध़, सा रे ग’ असें गाऊन गंधारावर थांबावयास सांगितलें. नंतर ‘सां ध, प, ग प ध’ असें म्हणून धैवतावर थांबविलें. वर्ग क्षणभर स्तब्ध राहिला, आणि मागल्या बांकावरून कोणी तरी उद्गारलें, “गुरुजी, सकाळ झाली!” आम्हांस जें समजावून देतां आलें नव्हतें, तें मुलांच्या कानांनीं ओळखलें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाचा घरचा अभ्यास ऐकतांना “किती राग झाले?” असें विचारूं नये, “एकच राग, पण ओळखूं येईल असा गाऊन दाखव,” असें म्हणावें. आणि विद्यार्थिमित्रहो, स्वर तर पहिल्या आठवड्यांतच पाठ होतात. कोणत्या स्वरावर थांबावें व कोणत्या स्वरास नुसता स्पर्श करून पुढें जावें, हें शिकण्यास वर्षें लागतात. तीं आनंदानें द्यावींत.