अर्जापुढे 'अबॅन्डन्ड' दिसलं तर

अगं, ट्रेडमार्कच्या साइटवर अर्जापुढे 'अबॅन्डन्ड' दिसलं म्हणून लगेच नवा अर्ज भरायला बसू नकोस. 4500 रुपये पुन्हा भरता येतील गं, पण जुन्या अर्जाची तारीख हातची जाते. मधल्या काळात कुणी तेच नाव टाकलं असेल, तर तो तुझ्या पुढे.

आधी अर्ज कशावरून पडला ते बघ. तपासणी अहवालाला महिन्यात उत्तर गेलं नसेल, तर अजून बोलायला जागा आहे. कुणी हरकत घेतली आणि दोन महिन्यांत त्यावरचं तुझं उत्तर, म्हणजे काउंटर स्टेटमेंट, गेलं नसेल, तर अवघड. ती मुदत वाढवून मिळत नाही.

मग अर्जावरचा ईमेल तपास. महाड काय, पोलादपूर काय, फॉर्म भरून देणारा स्वतःचाच ईमेल घालतो आणि नोटीस तिथेच पडून राहते. ईमेल तुझा असून हरकतीची नोटीस पोचलीच नसेल, तर मात्र धीर सोडू नकोस. दोन महिने नोटीस मिळाल्यापासून मोजायचे, असं मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये धरलंय. 2016 च्या मार्चमध्ये ट्रेडमार्क रजिस्ट्रीने लाखाच्यावर अर्ज उत्तर नाही म्हणून असेच निकालात काढले होते. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशांना स्थगिती दिली.

फेरविचाराचा अर्ज टीएम-एम फॉर्मवर, अर्ज पाडल्याच्या आदेशापासून महिन्याच्या आत. फार तर आणखी एक महिना मिळतो. नुसती विनवणी पाठवू नकोस. नोटीस मिळाली नाही याचं प्रतिज्ञापत्र लाव आणि अहवालाचं राहिलेलं उत्तर त्याच्यासोबतच दे. कलम 132 प्रमाणे आधी चूक सुधारायची नोटीस द्यावी लागते, हेही लिही. तिथे नाहीच झालं, तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील.

तेही हुकलं, तरच नवा अर्ज. त्यात नाव कधीपासून वापरतेस, ते पुराव्यानिशी लिही. जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतल्या वह्या-बिलं चिखलात गेली, तुझीही गेली असतील. लेबल छापणाऱ्याकडून त्याच्या बिलाची प्रत माग, मुंबईच्या गिऱ्हाइकांना जुनी बिलं शोधायला सांग, बँकेचा उतारा काढ. वर्गही नीट घाल: तुझं कोकम सरबत वर्ग 32 मध्ये, लोणचं 29 मध्ये. दोन्हींची फी वेगवेगळी भरायची. आणि नोंदणी होईतो बाटलीवर गोलातला आर छापू नकोस, तो गुन्हा आहे.