डोंगर वाचायला शिकवू या : सवच्या परिसरातला एक पाठ



'परिसर अभ्यास' आपण बऱ्याचदा चार भिंतींच्या आतच शिकवतो. महाड-पोलादपूरच्या मुलांना तर खिडकीतून डोंगर दिसतो. मग फळ्यावर डोंगर का काढायचा? पावसाळा सरल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, सवला एक दिवस चालत वर्ग भरवा.

सुरुवात सावित्रीकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपासून करा. पाण्यात हात मात्र घालू देऊ नका. "खाली चूल कोणी पेटवली?" असं विचारा. पोरं ज्वालामुखी म्हणतील. तसं नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतूनच वर येतं. तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथले झरेही असेच. काळा पाषाण मात्र खरोखरच लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

आता गावाजवळच्या सोप्या उतारावर चला. दोन बाटल्या पाणी घ्या. एक उघड्या मातीवर ओता, दुसरी झाडाखालच्या पालापाचोळ्यावर. कुठलं पाणी गढूळ होऊन धावलं? कुठलं मुरलं? उत्तर मुलांनाच वहीत लिहू द्या. मग ऐन, किंजळ, करवंदीची जाळी दाखवा. मुळं माती कशी धरून ठेवतात, हे बांधावरच्या उघड्या मुळांवरून लगेच कळतं.

इथे थोडं थांबा. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळीयेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. आपल्या वर्गात त्या घरांच्या नात्यातलं मूल असू शकतं. म्हणून हा विषय हळुवार काढा, पण टाळू नका.

'झाडं असली की दरड पडत नाही' असं सोपं उत्तरही देऊ नका. झाडं मदत करतात. पण सलग अतिवृष्टीत माती पाण्याने जड होते, तिची खडकावरची पकड सुटते आणि झाडांसकट उतार खाली येतो.

म्हणून शेवटी या खुणा पाठ करून घ्या :

१. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडणे.
२. झाडं, विजेचे खांब कलणे.
३. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे.
४. ओढ्याचं पाणी भर पावसात एकाएकी कमी होणे.
५. वरून दगड घरंगळणे, गडगड आवाज येणे.

यातलं काही दिसलं तर मोठ्यांना सांगायचं, उतार आणि ओढा सोडून बाजूच्या सुरक्षित जागी जायचं. दप्तर घ्यायला मागे फिरायचं नाही.

गृहपाठ एकच : घरी आजी-आजोबांना विचारा, "आपल्या डोंगराचा कुठला भाग पूर्वी घसरला होता?" मिळालेली उत्तरं वर्गात गावाच्या नकाशावर मांडा. असा नकाशा कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.