इ. स. १२१५ : राजा, पोप आणि कायदा



वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे आणि पुनरुत्थान काळात ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा, हे आपण सारे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. हा नियम इ. स. १२१५ साली रोममधील चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने केला. त्या एका वर्षाकडे आज आपण जरा बारकाईने पाहू या.

तेव्हा इंग्लंडवर जॉन आणि फ्रान्सवर दुसरा फिलिप राज्य करीत होते. २५ जुलै रोजी आखेन येथे दुसऱ्या फ्रेडरिकला जर्मनीचा राजमुकुट घालण्यात आला. पोपपदी तिसरे इनोसंट होते.

जॉन राजाची फ्रान्सवरील मोहीम १२१४ मध्ये फसली. युद्धासाठी उकळलेल्या करांनी त्याचे सरदार चिडले होते. १५ जून १२१५ रोजी थेम्स नदीकाठी रनीमीड येथे त्यांनी राजाला ‘मॅग्ना कार्टा’ म्हणजे महासनद मान्य करायला लावली. कॅन्टरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी मध्यस्थी केली. कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करू नये, असे सनदेत लिहिले गेले. राजालाही कायदा लागू झाला.

परंतु ऑगस्टमध्ये पोप इनोसंट यांनी ही सनद रद्द ठरवली. जॉनने १२१३ मध्ये आपले राज्य पोपच्या अधीन केले होते आणि सनद त्याच्याकडून धाकाने घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. सरदारांवरील धर्मबहिष्कार अमलात न आणणाऱ्या लँग्टन यांना निलंबित करण्यात आले.

नोव्हेंबरमध्ये धर्मपरिषद भरली. चारशेहून अधिक बिशप आले. आरोपीच्या हाती तापलेले लोखंड देऊन खरे-खोटे ठरवण्याच्या ‘दिव्या’ला धर्मगुरूंनी आशीर्वाद देऊ नये, असा तेथे निर्णय झाला. हा मोठा सुधार होता. त्याच परिषदेने ज्यू लोकांनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा, असेही फर्मावले. त्याची कटू फळे त्या समाजाने शतकानुशतके भोगली.

ख्रिस्तसभेचा इतिहास सांगताना सोयीचे तेवढेच सांगावे, असा मोह होतो. आम्हांस वाटते, श्रद्धेने सत्याला भिऊ नये. १२१६ मध्ये सुधारित सनद निघाली, तेव्हा पोपचे प्रतिनिधी कार्डिनल ग्वाला यांनीच तिच्यावर मोहोर उठवली. चुकीचा निर्णय बदलता येतो, हेही त्याच इतिहासात आहे.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेनंतर मुलांबरोबर एका प्रश्नावर बोलू या : घरात वा धर्मग्रामात ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याला नियम लागू नाहीत का?