नावावर जाऊ नका

लालबाग-परळच्या चाळींत गिरणी कामगारांच्या घरांचा विषय अजून धगधगता आहे. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. या घरांसाठी म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली. मधल्या तीस वर्षांत कामगार म्हातारे झाले, गावी परतले, कित्येक गेले. आता कागद घेऊन येतात ते मुलगा, नाहीतर सून. आमच्या भागातल्या मंडळात ते कागद जुळवायला मी बसतो.

कामगारांची यादी एक्सेलमध्ये आधीच कुणीतरी केलेली होती. 'पांडुरंग सावंत' दोनदा दिसला म्हणून एका उत्साही पोरानं एक ओळ उडवली. ते सावंत दोन वेगळे, गिरण्याही वेगळ्या! ज्यांची ओळ गेली त्यांच्या घरी कागद तपासणीचा निरोपच पोचला नाही. उलट 'पी. आर. सावंत' आणि 'पांडुरंग रामा' हे एकच गृहस्थ, ते मात्र यादीत दोन ठिकाणी सुखानं नांदत होते. तळकोकणातली माणसं नोंदवायची म्हटल्यावर सावंत, परब, राणे यांची रांग लागायचीच.

म्हणून यादी मांडण्याआधी ठरवा, ही ओळ अमक्याचीच हे कशावरून ओळखायचं? गिरणीतला कामगाराचा तिकीट नंबर बरा, पण प्रत्येक गिरणीचे नंबर आपापले. तेव्हा गिरणी आणि तिकीट नंबर ही जोडी धरा. डेटाबेसवाले अशा खुणेला प्रायमरी की म्हणतात. तिकीट नंबरचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, नाहीतर एक्सेल ०४१७ चे ४१७ करून मोकळं होतं.

खरं दुखणं वारसांचं. 'वारस १', 'वारस २' असे रकाने वाढत जातात आणि जागा संपली की धाकटी मुलगी 'शेरा'मध्ये जाऊन बसते. (मुलीच का शेऱ्यात जातात, ते बायकांना विचारा.) वारसांचा तक्ता निराळा करा. दर वारसाला एक ओळ, आणि त्या ओळीत कामगाराची ती गिरणी-तिकिटाची खूण. मग वारस एक असो की सात, तक्ता मोडत नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल याच रीतीनं चालतं. कामगाराचा पत्ताही एकाच जागी लिहा. चाळ पुनर्विकासाला गेली की तेवढाच बदलायचा.

रिकामा रकाना मात्र फसवतो. नोकरीचा पुरावा असलेलं ईएसआय कार्ड हरवलं, की कुणी विचारलंच नाही? दोन्हींसाठी वेगळे शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तेच लिहा. 'हरवलं' लिहिलेल्या घरी पीएफची पावती मागायची; 'विचारलं नाही' तिथं आधी फोन करायचा.