मधुमेह आणि दुधातील पेप्टाइड : निवळी प्यावी का?

मधुमेह आता केवळ शहरातला आजार राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दुधातील पेप्टाइडमुळे रक्तातील साखर उतरते असे ऐकले, की पनीर किंवा चक्का करणाऱ्या घरात साहजिकच प्रश्न पडतो : निवळी टाकून द्यावी, की मधुमेही माणसाला पाजावी?

पेप्टाइड म्हणजे काय?
प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पचनाच्या वेळी आणि काही प्रमाणात विरजण लागताना विकरे ही माळ तोडतात. तिच्या लहान तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. गाईच्या दुधात प्रथिने साधारण ३.२ ते ३.५ टक्के असतात. त्यांपैकी सुमारे ८० टक्के केसीन व २० टक्के निवळीची प्रथिने असतात.

कार्य कसे होते?
जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ व जीआयपी ही संप्रेरके स्रवतात आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यास चालना देतात. परंतु डीपीपी-४ हे विकर त्यांना काही मिनिटांतच निकामी करते. सिटाग्लिप्टिनसारखी औषधे याच विकराला रोखतात. दुधाच्या प्रथिनांतून मिळणारी काही पेप्टाइडेही त्याला रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र त्यांचा जोर औषधापेक्षा फारच कमी असतो.

इस्राएलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ मधुमेहींना न्याहारीपूर्वी ५० ग्रॅम निवळी-प्रथिन पाण्यातून दिले. न्याहारीनंतरच्या तीन तासांत त्यांच्या रक्तातील साखर सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिली. प्रयोग लहान होता आणि एकाच न्याहारीपुरता होता, हे विसरू नये.

घरची निवळी का चालत नाही?
पनीरसाठी आपण दूध चांगले तापवतो. त्या उष्णतेने निवळीची बरीचशी प्रथिने केसीनला चिकटून पनीरमध्येच राहतात. उरलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ४ ते ५ ग्रॅम प्रथिने, पण ४५ ते ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते. म्हणजे ५० ग्रॅम प्रथिनांसाठी १० लिटर निवळी प्यावी लागेल आणि तिच्याबरोबर जवळजवळ अर्धा किलो साखर पोटात जाईल! म्हणून निवळी हा मधुमेहावरचा उपाय नव्हे.

मधुमेही व्यक्तीने काय करावे?
१) बिनसाखरेचे दही, ताक, बेताचे पनीर किंवा चक्का जेवणात घ्यावा. श्रीखंड व बासुंदी टाळावी.
२) २०० मिलि दुधात सुमारे १० ग्रॅम दुग्धशर्करा असते. ती दिवसाच्या हिशेबात धरावी.
३) भाकरी किंवा भाताआधी उसळ, दही, पनीर यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ खाल्ल्यास साखर सावकाश चढते.
४) मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.
५) गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून कमी अथवा बंद करू नये.

दूध हे उत्तम अन्न आहे. त्याला औषध म्हणून विकू नये आणि कोणी विकत असल्यास घेऊ नये. निवळी मात्र वाया घालवू नका. ती ताजी असताना कणीक मळण्यासाठी वापरता येते. फक्त मधुमेही व्यक्तीच्या पोळीसाठी साधे पाणीच घ्यावे.