ग्लिसरीन खाणारे जंतु

विरजणाचें काम आपणां शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. दुधांतील साखर खाऊन जंतु तिचें आम्ल करितात. तसेंच ग्लिसरीन खाणारे जंतुहि आहेत. त्यांचा येथें विचार करूं.

तेलबियांच्या तेलाचें बायोडिझेल करितांना वजनानें दर १०० भागांमागें सुमारें १० भाग ग्लिसरीन उरतें. त्यांत मेथिल अल्कोहोल, साबण व क्षार राहतात. म्हणून त्यास भाव येत नाहीं.

१८८१ सालीं ऑगस्ट फ्रॉइंड यांस आंबलेल्या ग्लिसरिनांत प्रोपेनडायॉल नांवाचा पदार्थ आढळला. क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा जंतु हवेवांचून वाढतो. कांहीं ग्लिसरिनाचीं ॲसिटिक व ब्युटिरिक आम्लें करून तो आपली शक्ति मिळवितो, आणि उरलेल्याचें प्रोपेनडायॉल करितो. गालिच्यांचा कृत्रिम धागा करण्यास हें लागतें.

मात्र अडचणीहि आहेत. आम्ल सांचलें किंवा क्षार फार झाले, तर जंतूंची वाढ खुंटते. म्हणून आम्ल वेळोवेळीं मारावें लागतें. शिवाय तयार माल पाण्यांत विरघळलेला असतो. तो वेगळा काढण्यास इंधन फार जळतें.

आमची हयात सरकारी हिशेबाच्या वह्यांत गेली. त्या अनुभवावरून सांगतों कीं, एखाद्या सहकारी संस्थेनें असा कारखाना काढण्याचें मनांत आणिल्यास जमेकडे मालाची किंमत मांडण्यापूर्वीं नांवेकडे शुद्धीकरणाचा व इंधनाचा खर्च मांडावा. आणि फुकट मिळतें म्हणून कच्चें ग्लिसरीन जनावरांस चारूं नये. त्यांतील मेथिल अल्कोहोल विषारी आहे.